बदामीच्या खांबावरच्या तिरक्या रेघा: तिथे कधी वाळवंट होतं का?

सोलापूरची_लेक

नाताळच्या सुट्टीत सोलापूरहून विजापूर-बागलकोट मार्गे रेल्वेने बदामीला जाऊन आलो. मी, नवरा आणि नववीतली लेक. लेणी मी लहानपणी एकदा बघितली होती, पण तेव्हा मूर्तींपलीकडे काही बघितलं नव्हतं. या वेळी लेकीमुळे दगड बघितला.

एका लेण्यात चौकोनी खांबापाशी ती थांबली ती हलेचना. खांबाच्या एका बाजूवर बारीक तिरक्या रेघा आहेत, एकीला एक लागून, वहीत पट्टीने मारल्यासारख्या. हातभर उंचीवर एक आडवी रेघ येते आणि सगळ्या तिरक्या रेघा तिथे कापल्यासारख्या थांबतात. तिच्यावर पुन्हा तिरक्या रेघांचा दुसरा गठ्ठा. कोपरा ओलांडून खांबाची शेजारची बाजू बघितली, तर तिथे त्याच उंचीवर रेघा जवळजवळ आडव्या! खांब एकच, दगड एकच.

आमच्या वाटाड्याने सांगितलं की पूर्वी इथे वाळवंट होतं आणि वाऱ्याने वाळूचे थर बसले. परत येताना गाडीत लेकीने फोनवर अमेरिकेतल्या लाटांसारख्या दिसणाऱ्या खडकांचे फोटो शोधून दाखवले. ते खरंच वाऱ्याने झालेले आहेत म्हणे, आणि रेघा अगदी तशाच.

तिचे प्रश्न असे. वारा रेघा कशा काढतो? थर आडवे बसायला हवेत, मग ते तिरके का? आणि शेजारच्या बाजूवर ते आडवे का दिसतात? मी वाणिज्य शाखेची, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे बघावं तिकडे काळा दगड, त्यात असं काही दिसतही नाही. इथे कुणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगा. तिला मी सगळे प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

अक्कलकोट_रोड

माझा अंदाज सांगतो. थर आधी आडवेच बसले असणार, नंतर भूकंपाने किंवा जमीन उचलली गेल्यामुळे कलले. हिमालयात असे कललेले थर रस्त्याकडेला दिसतात. मनालीला जाताना बघितलेत.

दगडवाचक

ताई, मी भूगर्भशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. लेकीचा तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. तो शेवटी घेतो.

अक्कलकोट_रोड म्हणतात तसं हिमालयात झालंय, पण बदामीत नाही. पुरावा त्या खांबावरच आहे. तिरक्या रेघा जिथे कापल्या जातात ती रेघ आडवी आहे, असं ताईंनी लिहिलंय. जमीन कलली असती तर तीही कलली असती. ती आडवी राहिली आणि फक्त मधल्या रेघा तिरक्या, म्हणजे या रेघा जन्मल्याच तिरक्या.

कशा, ते ज्वारीच्या राशीवर बघा. खळ्यात पाटीने ज्वारी ओतली की रास उंच होते, पण तिचा उतार काही केल्या ठरावीक कोनापेक्षा उभा होत नाही. वरून आणखी ओतलं की वरचे दाणे घसरून खाली येतात आणि उतार पुन्हा तोच. कोरड्या वाळूचा हा कोन साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो.

आता वारा. कोरडी बारीक वाळू हलायला ताशी साधारण २० किलोमीटरचा वारा पुरतो. पण वाळूचा कण धुळीसारखा तरंगत जात नाही. तो उडी मारतो, पुढे जाऊन आदळतो आणि आदळताना आणखी कण उडवतो. बहुतेक उड्या आपल्या घोट्याच्याही खाली राहतात. जे कण उडायला जड, ते या माऱ्याने ढकलले जात सरपटतात. बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात वर्षानुवर्षं हिंडून, मग वाऱ्याचा बोगदा बांधून त्यात हे मोजलं आणि १९४१ साली प्रसिद्ध केलं. त्याच्या मोजमापात साधारण पाऊण वाळू उड्या मारत जाते, पाव सरपटते. उडी मारून आदळणारा कण स्वतःच्या सहापट व्यासाच्या कणाला पुढे ढकलू शकतो, हेही त्याचंच. मी विद्यार्थ्यांना हे सांगताना दरवेळी थांबायचो, कारण सहापट व्यास म्हणजे दोनशे पटींहून जास्त वजन!

तर असे कण वाळूच्या टेकडीवर वाऱ्याकडच्या बाजूने चढतात. ही बाजू सौम्य असते, दहा-पंधरा अंशांची. माथा ओलांडला की पलीकडे आडोसा. तिथे वारा मंदावतो आणि कण माथ्यालगतच पडून साठतात. उतार वाढत जातो, वाढत जातो, आणि तो ठरावीक कोन ओलांडला की वाळूची एक जीभ सरसरत तळापर्यंत येते. ती एक घसरण म्हणजे एक थर, साधारण एक ते पाच सेंटीमीटर जाडीचा. मग पुन्हा साठणं, पुन्हा घसरणं. वाऱ्याकडची वाळू उचलली जाते आणि आडोशाला बसते, त्यामुळे अख्खी टेकडी आडोशाच्या दिशेने सरकते. लहान बारखाण वर्षाला दहा-वीस मीटरही सरकतं. ('बारखाण' म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी. लेकीला भूगोलाच्या पुस्तकात भेटलं असेल, तेच हे.) टेकडी सरकत जाते तसा कालचा उतार आजच्या उताराखाली गाडला जातो. दगडातली एकेक तिरकी रेघ म्हणजे एके काळचा आडोशाचा उतार.

त्यामुळे रेघा जिकडे उतरतात, तिकडे प्रवाह जात होता. हे एकदा कळलं की दगडावरून वाऱ्याची दिशा सांगता येते, मग तो वारा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा का असेना.

तिसरा प्रश्न. पाव कापायच्या सुरीने ज्वारीची रास माथ्यातून पायथ्याकडे, उताराच्या दिशेने कापली अशी कल्पना करा. कापलेल्या बाजूवर तिरक्या रेघा दिसतील. आता तीच रास उताराला आडवी कापा. रेघा आडव्या दिसतील. खांबाच्या दोन बाजू एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून एकीवर उतार दिसतो आणि दुसरीवर दिसत नाही. लेकीला सांगा, दोन्ही बाजू बघितल्याशिवाय उताराची खरी दिशा सांगता येत नाही. ती आपणहून कोपरा ओलांडून गेली हे फार छान केलं.

टॉवेल_कारखाना

दगडवाचक सर, मी यंत्रमागावरचा माणूस. तुमचं वाचताना मला ट्विल आठवलं. ट्विलच्या कापडावर तिरकी रेघ दिसते, पण तिरका धागा त्यात एकही नसतो. ताणा उभा, बाणा आडवा. दर फेकीला विणीची जागा एका धाग्याने पुढे सरकते आणि सरकण्याची ती खूण तिरकी दिसते. वाळूत पण तसंच म्हणायचं का? टेकडी पुढे सरकली त्याची खूण?

दगडवाचक

बरोबर धरलंत. एक फरक तेवढा. कापडात तिरका धागा नसतो, वाळूत मात्र तो तिरका थर खरोखर असतो, तो उतार कधीतरी उन्हात उघडा होता. पण एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे टेकडी किती सरकली त्याचं माप, हे अगदी ट्विलसारखं.

निशिगंधा

माझी शंका. वारा टेकडी सरकवतो, म्हणजे मागची वाळू उचलूनच पुढे नेतो ना? मग मागे काही उरायलाच नको. सगळी टेकडी निघून जाईल. दगड कशाचा होणार?

दगडवाचक

नेमका प्रश्न. बहुतेक वेळा तसंच होतं, काहीच उरत नाही. उरण्यासाठी वाळूची आवक जास्त हवी आणि जमीन हळूहळू खचत असायला हवी. तेव्हा मागून येणारी टेकडी पुढच्या टेकडीचा माथा आणि बराचसा भाग खरवडून काढते, पण तळाचा थोडा भाग सोडून जरा वरून जाते. ताईंना दिसलेली आडवी रेघ म्हणजे हीच छाटणी. खाली आधीच्या टेकडीचा पाय, वर नंतर आलेल्या टेकडीचा पाय. पूर्ण टेकडी दगडात क्वचितच सापडते.

दुसरं कारण पाणी. ओली वाळू उडत नाही. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली की तिथपर्यंतची वाळू ओली होऊन बसते. वारा कोरडी वाळू नेतो आणि ओलीवर येऊन थांबतो. त्याने एकदम सपाट, दूरवर पसरलेली पातळी तयार होते. १९६८ मध्ये स्टोक्स या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने हे लक्षात आणून दिलं.

मग वर आणखी गाळ साठून सगळं खोल गाडलं जातं आणि भूजलातून सिलिका, चुना किंवा लोहाची संयुगं येऊन कणांना कणांशी चिकटवतात. लोहामुळे तांबडा रंग येतो. झाला वालुकाश्म.

एक अपवाद मला फार आवडतो, आणि आपण सोलापूरकरांनी तो ऐकायलाच हवा. ब्राझीलमध्ये बोटुकाटू नावाचा वाळवंटी वालुकाश्म आहे. सुमारे १३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून सुटायच्या बेतात असताना, त्या वाळवंटावर लाव्हा पसरला. आपल्या दख्खनच्या लाव्ह्यासारखाच, पण त्याच्या दुप्पट जुना. आपला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तिथे लाव्ह्याने टेकड्या जागच्या जागी झाकल्या, त्यामुळे काही ठिकाणी त्यांचा माथ्यासकट आकार दगडात उरलाय. समुद्रापलीकडे नामिबियातही तसंच सापडतं. आपण रोज पायाखाली घेतो तशा काळ्या दगडाखाली अख्खं वाळवंट जपून ठेवलेलं!

सोलापूरची_लेक

सर, किती सोपं करून सांगितलंत. लेकीने "कालचा उतार आजच्या उताराखाली" हे वाक्य वहीत उतरवून घेतलंय. म्हणजे आमच्या वाटाड्याचं बरोबर होतं तर? बदामीला वाळवंट होतं?

दगडवाचक

इथे मला तुम्हाला थोडं थांबवावं लागेल. बदामीचा वालुकाश्म मुख्यतः नद्यांनी आणलेल्या वाळूचा मानला जातो. मी स्वतः तिथे विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा गेलोय आणि माझंही मत तेच आहे.

वर जे सगळं सांगितलं ते पाण्यालाही लागू पडतं. नदीच्या तळाशीही वाळूचे उंचवटे असतात, तेही एका बाजूने झिजत दुसऱ्या बाजूने वाढत सरकतात आणि त्यांच्या पोटातही अशाच तिरक्या रेघा राहतात. नुसती तिरकी रेघ बघून 'वारा' म्हणता येत नाही. वाटाड्याला दोष देऊ नका, भल्याभल्यांची इथे चूक होते.

अक्कलकोट_रोड

मग अमेरिकेतल्या त्या खडकाला वाऱ्याचा म्हणतात ते कशावरून? तिथेही नदी असू शकेल की. मला हे पटवून द्या, कारण दोन्हीकडे रेघा सारख्याच दिसतात.

दगडवाचक

योग्य अडवलंत. सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी मी कण बघतो. तुमच्यापैकी कुणी खळ्यावर ज्वारी उफणताना बघितली असेल. पाटी डोक्यावर धरून दाणे सोडायचे, वारा भूस पुढे नेतो, दाणा पायाशी पडतो आणि खडा असलाच तर तोही जवळच पडतो. वाळवंटात हे उफणणं अव्याहत चालू असतं. मातीचा बारीक अंश धूळ होऊन कुठल्या कुठे जातो. अभ्रकाची पत्रं पातळ, तीही उडून जातात. मोठे खडे वाऱ्याला उचलवत नाहीत, ते मागे राहतात. टेकडीत उरते ती एकसारख्या आकाराची वाळू, बहुतेक पाव मिलिमीटरच्या आसपासची. नदीला असं निवडणं जमत नाही. पुरात खडे, वाळू, गाळ सगळं एकत्र येतं. बदामीच्या दगडात मध्येमध्ये गोट्यांचे पट्टे आहेत. हरभऱ्याएवढा, सुपारीएवढा गोटा वाळूच्या टेकडीत वारा नेऊन ठेवणार नाही. मला पुरावा म्हणून हे एवढंच पुरेसं वाटतं.

मग माप. नदीतल्या गठ्ठ्याची जाडी बहुधा वीतभर, हातभर, फार तर पुरुषभर. कारण उंचवटा पाण्याच्या खोलीपेक्षा उंच होऊच शकत नाही. वाऱ्याला छप्पर नाही. अमेरिकेतला नॅव्हाहो वालुकाश्म, लेकीने बहुतेक त्याचेच फोटो बघितलेत, त्यात एकेक गठ्ठा दहा-दहा मीटर आणि त्याहूनही जाड आहे. १८-१९ कोटी वर्षांपूर्वीचं ते वाळवंट. झायन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात या वालुकाश्माची जाडी ६०० मीटरच्या वर जाते.

तिसरी खूण फार बारीक आहे, भिंग लागतं. वाऱ्याने वाळूवर ज्या लहान लहरी उमटतात त्यांच्या माथ्यावर जाडे कण असतात, कारण ते सरपटत येऊन तिथे थांबतात. खोलगट भागात बारीक कण. लहर पुढे सरकली की खाली बारीक, वर जाडा असा काही मिलिमीटरचा पातळ थर मागे राहतो. पाण्यात सहसा उलट, जाडं आधी बसतं आणि बारीक नंतर. वाऱ्याचे हे थर इतके पातळ आणि एकसारखे असतात की दगडावर सुईने रेघा ओढल्यासारखे दिसतात. लहरींचा आकारही वेगळा. वाऱ्याची लहर बसकी, तिची लांबी उंचीच्या पंधरापट किंवा जास्त. पाण्याची लहर त्या मानाने उभी.

एवढं सगळं जुळलं तरच मी 'वारा' म्हणेन.

आणि एक गंमतीची म्हणा, विलक्षण म्हणा, गोष्ट. नॅव्हाहोच्या वाळूतले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण तपासल्यावर असं दिसलं की त्यांतले बरेचसे खंडाच्या पार पूर्वेकडच्या ॲपलाचियन पर्वतातून आलेत. आधी नदीने ती वाळू पश्चिमेला आणली, मग वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या. नदी आणि वारा एकमेकांचे शत्रू नाहीत, एकाच वाळूचे दोन हमाल आहेत.

निशिगंधा

त्याच नॅव्हाहोबद्दल वाचलेलं आठवतंय, की तिथल्या दगडात मान्सूनच्याही खुणा आहेत?

दगडवाचक

हो, आहेत. टेकडीचा उतार पावसाने भिजला की कोरड्या वाळूसारखा सरसरत नाही, ढेकळासारखा खचतो. दगडात ते खचणं ओळखू येतं. तिथे अशा खुणा वर्षावर्षाच्या अंतराने येतात, मधे त्या वर्षी टेकडी जेवढी सरकली तेवढा कोरडा थर. एवढ्या जुन्या वाळवंटात दरवर्षीचा पाऊस मोजता येतो, याहून जास्त काय हवं!

मोहोळचा_शेतकरी

नमस्कार. गेल्या वर्षी विहीर खोल केली. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मधे हातभर लाल पट्टा, त्याखाली काळा पाषाण. हे पण थरच आहेत की. हे वाऱ्याचे का पाण्याचे?

दगडवाचक

दोन्हीचे नाहीत. तुमच्या विहिरीत लाव्ह्याचे थर आहेत. मांजऱ्या म्हणजे ज्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि नंतर त्यांत पांढरी खनिजं भरली तो. पाषाण म्हणजे घट्ट भाग. मधला लाल पट्टा बहुतेक एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी जो काळ गेला त्यात तयार झालेला. मुरूम हा कुजलेला दगड, त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखे गोल गोल पापुद्रे सुटतात, त्यांनाही लोक थर समजतात.

गाळाचा खडक बघायचा असेल तर घरात बघा. जुन्या घरात शहाबादी फरशी असेलच. शहाबादचा तो चुनखडक समुद्राच्या शांत पाण्यात बारीक चिखल बसून झालाय. म्हणून तो सपाट फळ्यांसारखा सुटतो, त्यात तिरकी रेघ सापडत नाही. जिथे प्रवाहाचा जोर आणि वाळू, तिथेच तिरकी रेघ.

चंद्रभागा_काठ

पंढरपूरहून लिहितोय. सरांचं वाचून काल पहाटे वाळवंटात गेलो. (आमच्याकडे नदीच्या पात्रालाच वाळवंट म्हणतात, त्यामुळे या धाग्याचं नाव वाचून आधी वेगळंच वाटलं.) पाणी ओसरलेल्या जागी, जिथे वाळू अजून ओलसर होती, तिथे खोऱ्याने दीड फूट खड्डा घेतला आणि एक बाजू थापीने उभी तासली. आधी काही दिसलं नाही. अर्ध्या तासाने बाजू सुकायला लागली तशा रेघा उमटल्या! जाडी वाळू आधी सुकून फिकी पडते, बारीक ओली गडद राहते. वीतभर उंचीचा गठ्ठा, रेघा सगळ्या नदीच्या वाहत्या दिशेला उतरलेल्या. वर तळहाताएवढा आडवा थर, त्यावर पुन्हा बारीक तिरक्या रेघा.

पन्नास वर्षं या वाळूवर हिंडतोय. लहानपणी किल्ले केले, कुस्त्या खेळलो. आत काय लिहिलंय ते काल बघितलं. खड्डा बुजवून आलो, वारकऱ्यांचे पाय पडतात तिथे.

दगडवाचक

चंद्रभागा_काठ, तुम्ही या धाग्याला फार मोठी गोष्ट दिलीत. तुमच्या त्या वीतभर गठ्ठ्याला दगड करा, तांबडा रंग द्या, की बदामीचा खांब झाला. सुकण्याच्या फरकाने रेघा दिसतात ही युक्ती आम्ही क्षेत्रभेटीत मुद्दाम शिकवतो, तुम्ही ती आपली आपण शोधलीत.

अक्कलकोट_रोड

पटलं. पण मग बदामीत वाऱ्याचं काहीच नाही असं म्हणायचं का? एवढी वाळू उघडी पडलेली, वारा काय स्वस्थ बसला असेल?

दगडवाचक

स्वस्थ नसणार. बदामीचा दगड वनस्पती जमिनीवर येण्याच्या खूप आधीचा आहे. त्या काळी काठावर गवत नाही, झाड नाही, मुळं नाहीत. काठ धरून ठेवायला काही नसल्याने नद्या उथळ, पसरट, अनेक फाट्यांनी वाहायच्या, आणि पूर ओसरला की मैलोन्‌मैल उघडी वाळू. अशा वेळी पाऊसपाणी असूनही वारा वाळू उचलू शकतो. म्हणून इतक्या जुन्या दगडात नदीच्या थरांमध्ये कुठेतरी वाऱ्याचा पट्टा सापडला तर मला नवल वाटणार नाही. पण तो दाखवायला कण, माप, लहरी हे सगळं दाखवावं लागेल.

त्याच जुन्या काळातलं खरोखरचं वाळवंट बघायचं असेल तर तेही आपल्या शेजारी आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, तेलंगणात, वेंकटपूर वालुकाश्म म्हणून आहे. त्यात वाळूच्या टेकड्यांचे थर अभ्यासकांनी नीट मांडलेत.

निशिगंधा

आणि मंगळ! क्युरिऑसिटी गाडीने २०१५ मध्ये गेल विवरात असाच तिरक्या थरांचा वालुकाश्म बघितला, स्टिमसन असं त्याला नाव दिलंय. तोही वाऱ्याच्या टेकड्यांचाच ठरला. कुणी माणूस तिथे न जाता नुसत्या फोटोतल्या रेघांवरून तिथल्या जुन्या वाऱ्याची दिशा काढली गेली, हे मला आज या धाग्यामुळे नीट समजलं.

सोलापूरची_लेक

चार दिवस लिहिता आलं नाही, गड्ड्याच्या यात्रेमुळे घरी पाहुणे होते. पण लेकीने त्यांनाही कामाला लावलं. घरातच टेकडी करायची म्हणून फोटोफ्रेमच्या दोन काचा एकमेकींसमोर सेंटीमीटरभर अंतर ठेवून उभ्या केल्या, एका कडेने पुठ्ठा लावून बंद केलं आणि कोपऱ्यातून मिश्रण ओतायला घेतलं.

पहिल्यांदा बारीक साबुदाणा आणि चाळलेली वाळू घेतली. पट्टे आलेच नाहीत. साबुदाणा सगळा घरंगळून पायथ्याशी आणि वाळू वर, दोन वेगवेगळे ढीग. लेक हिरमुसली. दुसऱ्या दिवशी जाड साखर आणि तीच वाळू घेतली, आणि अहो, तिरके पट्टे! एक पांढरा, एक तपकिरी, एक पांढरा, वरपासून खालपर्यंत. पाहुण्यांसकट सगळे काचेला नाक लावून बसलो होतो. हात अखंड एकाच वेगाने ओतत होता, मग पट्टे वेगळे का पडतात? आणि साबुदाण्याने का नाही पडले?

दगडवाचक

हा प्रयोग १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला होता, तिथेही साखरच होती. गमक असं, की जाडे दाणे बारकांपेक्षा खरबरीत, कोनदार हवेत. साखरेचे मोठे स्फटिक बारीक वाळूवरून घरंगळत पायथ्याशी जातात. तिथे कोनदार असल्यामुळे अडतात, आणि मागून येणाऱ्यांना अडवतात. मग पायथ्यापासून वरपर्यंत भर पडत जाते आणि एकेका घसरणीत बारीक खाली, जाडं वर अशी जोडी बसते. साबुदाणा मोठा खरा, पण गोल. तो अडत नाही, नुसता खाली जातो. म्हणून दोन ढीग. लेकीचा पहिला प्रयोग फसला नव्हता, तो दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. दोन्ही वहीत लिहायला सांगा.

टॉवेल_कारखाना

सर, रंगांचं काय? बदामीला मी पण गेलोय. दगडावर पिवळे-तांबडे-जांभळे पट्टे आहेत, सुंदर दिसतात. ते पण थरच का?

दगडवाचक

काही थर, काही नाही. दगड झाल्यावर त्यातून पाणी झिरपतं आणि लोह विरघळवून दुसरीकडे नेऊन बसवतं. त्याचे रंगीत पट्टे बनतात, वळणं घेतात आणि खऱ्या थरांना सरळ ओलांडून जातात. रंगाने फसू नका. बोट फिरवून बघा, कणांचा जाडेपणा बदलतो का. तो बदलला तर थर. (लेण्यातल्या कोरीवकामाला मात्र हात लावायचा नाही, बाहेरच्या कड्यावर बघा.)

आणि एक सांगायचं राहिलं. लेण्यातले खांब डोंगरातच कोरलेले आहेत, जागचे हललेले नाहीत. त्यामुळे त्यांवरच्या रेघांची दिशा आजही खरी. पट्टदकलची देवळं मात्र खाणीतून काढलेल्या चिऱ्यांची आहेत. तिथला दगड गवंड्याने कसाही फिरवून बसवलेला असू शकतो. दिशा मोजायची तर खांबावर.

सोलापूरची_लेक

सर, हे वाचल्यावर लेकीने सगळे फोटो पुन्हा काढले. बदामी गावात एका जुन्या घराच्या जोत्याचा फोटो होता, दाराची कडी छान म्हणून मी काढलेला. त्यात जोत्यातला एक चिरा दिसतो. खांबावर रेघा वर कापल्यासारख्या थांबतात आणि खाली वळून आडव्या रेघेला हळूच मिळतात. या चिऱ्यात उलट आहे. खाली कापल्यासारख्या, आणि वर वळून मिळतात. लेक म्हणते गवंड्याने तो उलटा बसवलाय. बरोबर आहे का तिचं? फोटो खाली जोडलाय.

दगडवाचक

बरोबर आहे. फोटो मोठा करून बघितला. छाटलेलं टोक नेहमी वर असायला हवं, कारण नंतरचा प्रवाह वरून येऊन माथा खरवडतो. तळाशी रेघ वळते, कारण तिथे उतार संपून सपाटी सुरू होते. चिरा उलटा आहे.

तिला माझ्याकडून शाबासकी द्या. आमच्या वर्गात हे ओळखायला मुलांना दोन सत्रं लागायची.

सोलापूरची_लेक

तिने हा प्रतिसाद तीनदा वाचला आणि एकदा आजीला वाचून दाखवला.

खांबाची दिशा मात्र काढता आली नाही. कुठली बाजू कुठल्या दिशेला तोंड करून होती ते आम्ही लिहूनच ठेवलं नव्हतं. फेब्रुवारीत पुन्हा जातोय. चंद्रभागा_काठ आणि टॉवेल_कारखाना, तुम्ही येणार असाल तर सांगा, एकत्र जाऊ. सोबत होकायंत्र, भिंग आणि कोनमापक घेतोय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडे लागली.